निवाडा क्रमांक चौदा

केसरबाई मरायला टेकली होती, आणि तनुजाला वाईट वाटायच्या ऐवजी जरा हायसंच वाटत होतं.

केसरबाई ही काही हाडामांसाची बाई नव्हे. एका कागदावरची ती. सहा वर्षांपूर्वी तनुजानं पेन्सिलीनं तिला जन्माला घातलं, तिचं बळ किती, चपळाई किती, हिंमत किती हे फासे टाकून ठरवलं आणि तिच्या हाती एक भलामोठा परशू दिला. तेव्हापासून रविवारी दुपारी तनुजा, राजेंद्र, गोकुळ आणि सरिता असे चौघंजण जमायचे. एकानं गोष्ट सांगायची: समोर दरी आहे, दरीवर पूल आहे, पुलाखाली काहीतरी गुरगुरतंय. बाकीच्या तिघांनी आपापल्या कागदावरच्या माणसानं काय करायचं ते सांगायचं. जमलं की फसलं ते फासे ठरवणार. फासे घरंगळत दिवाणाखाली जायचे म्हणून ते कणकेच्या परातीत टाकायची पद्धत पडली होती. गोष्ट सांगणारा दरवर्षी बदलायचा. यंदा राजेंद्रची पाळी होती.

माणसं चारच, हे पहिल्या दिवशीच ठरलेलं. पाचवा आला की नुसता गोंधळ होतो. जागा सुटायची ती माणूस मेल्यावरच, म्हणजे कागदावरचं माणूस. गोकुळच्या ऑफिसातला अतुल गेले आठ महिने त्या जागेची वाट बघत होता. या बुधवारी त्यानं सगळ्यांना मेसेज टाकला होता, "कुणी मरतंय का नाही? का मीच म्हातारा होऊ?" सगळे हसले होते. तनुजा हसली नव्हती. यशूला मांडीवर घेऊन, एका हातानं मोबाइल धरून तिनं तो मेसेज तीनदा वाचला आणि मनाशी ठरवून टाकलं, की रविवारी केसरबाईला जाऊ द्यायचं. म्हणजे कुणाला नाही म्हणायला नको, कारणं सांगायला नकोत, आणि "अगं, थोडं मॅनेज कर ना" हे ऐकायला नको. केसरबाई गेली, जागा सुटली, संपलं.

यशोधरा नऊ महिन्यांची होती. बाळंतपणाची रजा संपून पंधरा दिवस झाले होते. जालना रोडवरच्या लॅबमध्ये सकाळी सातला पहिलं रक्त घ्यायचं असायचं, आणि यशू पहाटे चारला उठून दिवस सुरू झाल्यासारखी टाळ्या वाजवायची. नवरा सत्यम शेंद्र्याच्या कंपनीत पाळीवर. आज रविवार असूनही दुसऱ्या पाळीला गेलेला. राहिला हा एक दुपारचा वेळ. तोही गेल्या महिन्यापासून तनुजाच्याच घरी घालवायचा, कारण यशूला घेऊन राजेंद्रकडं जाणं म्हणजे अर्धं घर पाठीवर टाकून निघणं. म्हणजे मग पोहे तिनं करायचे, चहा तिनं ठेवायचा, आणि सगळे गेल्यावर परात धुवायची तीही तिनंच. रात्री कणीक मळायची असते त्याच परातीत.

"तर केसरबाई," राजेंद्र घसा खाकरून म्हणाला. तो कंपनीत मालाची तपासणी करायचा, त्यामुळं गोष्टसुद्धा तो तपासून तपासून सांगे. "किल्ल्याचा दगडी जिना. रुंदी एका माणसाची. वरून तीन तरस उतरतायत. दगडाचे. तुझ्या डाव्या काखेत ते पोर. गेल्या रविवारी जळालेल्या गावातून उचललंस ते."

"माहीत आहे."

"सरिता तुझ्या मागं, तिच्याकडं बाण उरले दोन. गोकुळचा पुंजाराम सगळ्यात मागं, त्याच्याकडं कढई."

"पळी पण आहे," गोकुळ म्हणाला.

"पळी पण आहे. काय करते केसरबाई?"

तनुजाच्या डाव्या काखेत यशू होती. झोपायला आलेली, पण झोपायचं नाही असं ठरवून बसलेली. उजव्या हातात फासा. समोर कूलरचा वारा आणि त्याला येणारा ओल्या वाळ्याचा वास.

"दोघी सारख्याच दिसताय गं तुम्ही," सरिता म्हणाली. "फक्त परशू तेवढा नाही."

"परशू दोनहाती आहे," तनुजा म्हणाली. "आणि एका हातात पोर आहे. काय करणार ती?"

राजेंद्रनं नियमांचं पुस्तक उघडलं. औरंगपुऱ्यात झेरॉक्स काढून तारेत बांधून आणलेलं, पोह्यांच्या तेलानं कडा पिवळ्या झालेल्या. परशूच्या पानावर एकच ओळ होती. या शस्त्राला दोन हात लागतात. बस. कधी लागतात? नुसतं बाळगायला, की फक्त वार करताना? दोन वारांच्या मधल्या वेळात एक हात सोडला तर चालतो का? ज्यानं कुणी ते पुस्तक लिहिलं, त्याला हे प्रश्न पडले नसावेत. त्याच्या काखेत कधी काही नसावं.

"पुस्तक गप्प आहे," राजेंद्र म्हणाला.

"वही बघ," तनुजा म्हणाली. "चौदा नंबर."

सरितानं गोकुळकडं पाहिलं. गोकुळनं पोह्यांतला शेंगदाणा शोधायला सुरुवात केली.

वही म्हणजे लांबडी, हजेरीपत्रकासारखी. वर लिहिलेलं, 'निवाडे'. पुस्तक जिथं गप्प बसतं तिथं हे चौघं वाद घालत नसत, खरोखर करून बघत. उडी मारून किती लांब जाता येतं, दोर हाताला किती वेळ धरवतो, ओल्या घोंगडीनं जाळ विझतो का. जे होईल ते वहीत चढवायचं, पुढं नंबर टाकायचा, आणि मग तो नियम सगळ्यांना कायमचा. ही पद्धत तनुजानंच घालून दिली होती. आणि चौदा नंबर तिच्याच अक्षरात होता, तीन वर्षांपूर्वीचा, तिची गोष्ट सांगायची पाळी होती त्या वर्षातला. तेव्हा लग्नाला चार महिने झाले होते आणि अक्षर कसं रेघेवर बसवलेलं होतं.

राजेंद्रनं वाचलं. "दोनहाती शस्त्रानं वार करताना दोन्ही हात रिकामे हवेत. हातात काही असेल तर आधी खाली ठेवावं. ठेवण्यात एक पाळी जाईल."

त्या निवाड्यानं गोकुळचा कडूबा मेला होता. तीन वर्षं जपलेला कडूबा. भुयारात एका हातात कंदील आणि खांद्यावर घण. वार करायचा म्हणून त्यानं कंदील खाली ठेवला, तेवढ्यात पाणी आलं, कंदील विझला आणि अंधारात कडूबा गेला. राजेंद्रच्या गच्चीवर तेव्हा रीतसर चाचणी झाली होती. गोकुळनं एका हातात बॅटरी धरून दुसऱ्या हातानं पहार फिरवायला बघितली आणि तोल जाऊन तो पाण्याच्या टाकीवर आदळला. त्यानंतर त्यानं एवढंच विचारलं होतं, "कंदील कमरेला बांधला असता तर?" आणि तनुजा म्हणाली होती, "तसं तू आधी सांगितलं नाहीस." दोन रविवार गोकुळ आलाच नाही. तेव्हा जागेची वाट बघणारं कुणी नव्हतं, म्हणून तिसऱ्या रविवारी आला तो पुंजाराम नावाचा आचारी घेऊन. हा म्हणे शस्त्राला शिवणारच नाही.

"पण ते कंदिलाचं होतं," सरिता म्हणाली. "हे लेकरू आहे. यात सूट देऊ ना आपण."

"व्हय, देऊ," राजेंद्र लगेच म्हणाला. "मी सांगतोय ना गोष्ट? ते पोर मानेला मिठी मारतं, असं म्हणू. हात मोकळा."

"सूट नको," तनुजा म्हणाली.

ती जरा तुटकच बोलली. पंधरा दिवस तिला सगळे सूटच देत होते. लॅबमध्ये तिला घरोघरी जायच्या कामातून काढलं होतं, न विचारता. बैठकीला बोलावत नव्हते, 'कशाला तुला त्रास' म्हणून. सूट द्यायचे आणि मग तिच्या डोक्यावरून एकमेकांशी बोलायचे. इथंही तेच होणार असेल तर मग मेलेलं बरं.

"मग पोर खाली ठेवते?" राजेंद्रनं विचारलं.

"नाही."

"अगं, एक पाळी फक्त. पायरीवर ठेवायचं..."

"तरस आहेत तिथं. नाही ठेवत."

"मग परशू टाकते?"

"टाकते."

"मग मरते."

"मग मरते," तनुजा म्हणाली, आणि समोरचा कागद उचलला.

तो कागद किती मऊ झाला होता. केसरबाईला जखम झाली की आकडा खोडायचा, बरी झाली की पुन्हा लिहायचा. सहा वर्षं खोडून खोडून ती जागा इतकी पातळ झाली होती की पलीकडून खिडकी दिसत होती. तिला एकदम वाटलं, हा कागद आता कुठं ठेवायचा? अतुल नवा कोरा घेऊन येईल. हा काय, यशूच्या लसीकरणाच्या फाइलमध्ये घालायचा?

"मी एक बोलू?" गोकुळ म्हणाला.

"बोल. तुझाच हक्क आहे," तनुजा म्हणाली. तो म्हणणार, नियम तो नियम. ती तयारीतच होती.

"मरू देणार नाय मी तिला. चौदा नंबर साफ चुकीचा आहे. तीन साल झाले, मी हेच बोलतोय."

"कुठं बोललास रे?" सरिता म्हणाली.

"मनात बोलतोय. तुम्हाला ऐकू आलं नाय तर माझा काय कसूर?" त्यानं ताटली खाली ठेवली. "चाचणी अर्धीच झालीये. हातात धरून पाहिलं आपण. बांधून कुठं पाहिलं? कंदील बांधता येतो, पोर बांधता येतं. करून बघू. जमलं तर चौदावर काट मारायची, आणि इथं सगळ्यांसमोर म्हणायचं, कडूबा हकनाक मेला."

"म्हणजे तुला केसरबाईशी घेणं नाही. कडूबासाठी चाललंय हे."

"दोन्ही. मी काय संत आहे?"

तनुजाला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं, त्यामुळं ते गालात नीट बसेना. पण अंगात उठायचीही ताकद नव्हती. "आत्ता? ऊन बघ बाहेर. आणि पाणी यायचंय आज."

आठव्या दिवशी पाणी यायचं. त्याची ठरलेली वेळ नव्हती. तिच्या सासूबाई, सारजाबाई, दाराशी मेथी निवडत बसल्या होत्या त्या एक कान नळाकडं ठेवूनच. या रविवारच्या खेळाला त्या 'तुमचं ते भुताखेताचं' म्हणत. पण मेथी नेहमी त्याच वेळेला काढत, हे तनुजाच्या लक्षात आलं होतं.

"पाणी येऊं द्या की," सारजाबाई म्हणाल्या. "नळाला फडकं बांधलंय म्या. ठिबकलं की कळतं. काय करून बघायलेत, ते करा आधी. आन् तिला दे इकडं."

यशू आजीच्या मांडीवर गेली आणि मेथीच्या काड्या गोळा करायला लागली.

पहार अंगणातच होती, टाकीचं झाकण उचलायची. यशूच्या जागी ज्वारीच्या दळणाची पिशवी घेतली, आठ किलो, गिरणीत न्यायला काढून ठेवलेली. समोर गोणपाटाची गुंडाळी उभी केली, ती तरस. चाचणीला तीन वार लागतात, हा सुद्धा तनुजाचाच जुना नियम.

तिनं ओढणीत पिशवी घातली, पाठीवर टाकली आणि खांद्यावर गाठ मारली. पहार दोन्ही हातांनी उचलली. पिशवी घसरून कमरेवर आली आणि ती आडवी होता होता वाचली.

"झालं," तनुजा म्हणाली. "टिकला चौदा नंबर."

"झालं काय?" सारजाबाईंचा दारातून आवाज आला. "असं बांधतेत व्हय? पडंल ना लेकरू. सरक." त्यांनी यशूला सरिताकडं दिलं, गुडघ्यावर हात टेकत उठल्या आणि उन्हात आल्या. "गाठ खांद्यावर नाय मारायची. छातीवर, मधोमध. एक पदर काखंखालून, एक खांद्यावरून. आन् वाक जरा म्होरं."

त्यांचे हात भराभर चालले. एक झटका देऊन त्यांनी पिशवी वर सरकवली, दोन खांद्यांच्या मध्ये कुठंतरी ती बसली, आणि तनुजाला एकदम वाटलं की वजन कमी झालं. झालं नव्हतं. जागा बदलली होती.

"मावशी, तुम्हाला कसं येतं हे?" राजेंद्रनं विचारलं.

"न यायला काय झालं? पिशोरच्या रस्त्याला खडी फोडाया जायचो आमी. दुष्काळाचं काम. सत्यम यवढाच व्हता, हिच्यायवढा." त्यांनी यशूकडं मान हलवली. "घरी कोन सांभाळणार? पाठीशी बांधायचा आन् घण मारायचा."

गोकुळनं वहीतलं पेन काढून कानावर ठेवलं होतं, ते तसंच राहिलं.

"घण एका हातानं?" त्यानं विचारलं.

"येडा का काय. दोन्ही हातानं."

तनुजानं पहार उचलली. पहिला वार गोणपाटावर बसला, धप्प. दुसरा बसला, पण पहार वर नेताना मांड्या थरथरल्या. तिसऱ्याला तिनं पहार खांद्यापर्यंत नेली आणि ती तिथंच राहिली. वर जाईना, खाली येईना. घाम डोळ्यांत उतरला. तिनं पहार हळूच जमिनीवर टेकवली.

"दोन," तनुजा म्हणाली. "तिसरा नाही होत माझ्यानं."

"खूप झालं की," सरिता म्हणाली. "केसरबाई तुझ्याहून तगडी आहे."

"तीन लागतात. नियम आहे."

"तुम्ही किती मारायचात, मावशी?" गोकुळनं विचारलं.

"दोन, तीन. कधी चार. मंग दम लागायचा."

"मग?"

"मंग काय. श्येजारची बाई घण घ्यायची. दम खाल्ला की माघारी घ्यायचा. मुकादम वरडायचा, वरडू द्यायचा. आमची चौघींची टोळी व्हती. घण येकच फिरायचा."

"आणि पोर?" तनुजानं विचारलं. "पोर नाही घ्यायच्या त्या?"

सारजाबाईंनी तिच्याकडं असं पाहिलं, की हा काय प्रश्न झाला.

"पोर कोन घील? त्यास्नी त्यांची नव्हती व्हय? पोर आपलं आपल्यापाशी. घण घ्यायच्या." मग जरा थांबून, तिच्या छातीवरची गाठ सोडवत त्या म्हणाल्या, "मांगावं लागायचं पण. न मांगता कोन देतं? ज्या बाया गप बसल्या त्यांचे खांदे गेले."

गाठ सुटली. पिशवी खाली आली तरी तनुजाच्या पाठीला तिचा आकार जाणवत होता.

आत येऊन सगळे पुन्हा परातीभोवती बसले. राजेंद्र वही पुढं ओढणार, तेवढ्यात तनुजानं ती घेतली. "मी लिहिते." अक्षर आता पूर्वीसारखं रेघेवर बसत नव्हतं. तिनं लिहिलं: निवाडा एकतीस. पोर किंवा वस्तू अंगाशी नीट बांधलेली असेल तर दोनहाती शस्त्रानं दोन वार करता येतात. तिसऱ्याला एक पाळी दम. त्या पाळीत शस्त्र सोबत्याकडं देता येतं, मागितलं तर. मग ती मागं गेली, चौदा नंबरवर सरळ काट मारली आणि शेजारी लिहिलं, कडूबा हकनाक गेला. चूक माझी. तनुजा.

गोकुळनं वाचलं. दोनदा वाचलं.

"तारीख टाक," तो म्हणाला.

तिनं तारीख टाकली.

"तर केसरबाई," राजेंद्र म्हणाला. "पोर पाठीशी. तरस आठ पायऱ्यांवर."

"थांब," तनुजा म्हणाली. पेन अजून हातातच होतं. बुधवारपासून न बोललेलं तिच्या तोंडाशी आलं होतं, आणि ते इतकं साधं होतं की तिला लाज वाटली. "मला एक मागायचंय. मला दर रविवारी नाही जमणार. दोन रविवार होईल, तिसऱ्याला नाही. आज मी केसरबाईला मारणार होते. मुद्दाम. अतुलला जागा झाली असती."

सरितानं यशूला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "आणि आम्हाला सांगणार नव्हतीस?"

"नव्हते."

"कमाल आहे बाई तुझी."

"तिसऱ्या रविवारी मग केसरबाईचं काय करायचं?" राजेंद्रनं विचारलं. त्याच्या तपासणीत हेच बसत नव्हतं.

"अतुलला बसव त्या दिवशी," गोकुळ म्हणाला. "परशू तो चालवील. कागद तनुजाचा. त्यानं एक आकडा खोडला तरी तिला विचारून. चालत असंल तर ये म्हणावं, नायतर बस म्हातारा होत."

"आणि पोहे दर वेळी माझ्याकडं नकोत," तनुजा म्हणाली. एकदा मागायला लागल्यावर तिला थांबता येईना. "आणि परात तुम्ही धुवायची."

"परात मी धुतो," राजेंद्र म्हणाला. "आता फासा टाक माझे आई, तरस ताटकळलेत."

तिनं फासा टाकला. पहिला वार बसला. पहिला तरस जिन्यावरून गडगडत गेला, तो कसा गडगडला हे राजेंद्रनं पाच मिनिटं सांगितलं. दुसरा वार हुकला. आता केसरबाईची दम खायची पाळी, आणि समोर दोन तरस.

"गोकुळ," तनुजा म्हणाली, "पुंजाराम परशू घेतो का?"

पुंजारामची शपथ सगळ्यांना ठाऊक होती. गोकुळनं कढई आणि पळीचं जरा नाटक केलं, सुस्कारा सोडला, आणि हात पुढं केला. नुसता रिकामा हात, परातीवर. "दे इकडं."

तेवढ्यात नळाचं फडकं ठिबकायला लागलं. "पानी!" सारजाबाई ओरडल्या आणि घरभर एकच धांदल उडाली. सरितानं यशूला तनुजाच्या मांडीवर ठेवलं आणि ती मोटार लावायला धावली. राजेंद्रनं पिंपांवरची झाकणं काढली. तनुजा उठायला लागली, तर गोकुळनं जाता जाता तिच्या पुढ्यात हात आडवा धरला. "तुझी दम खायची पाळी आहे. नियम आहे. बस."

ती बसली. दिवाणाला पाठ टेकली. यशूनं तिच्या कुर्त्याची कड मुठीत धरली, डोळे दोनदा उघडले आणि मिटले. बाहेर पिंपात पाण्याची धार आधी मोठ्यानं, मग भरत गेल्यावर हळू वाजू लागली. तनुजाला डोळे उघडे ठेवायचे होते. पुंजारामचा वार बघायचा होता.

मग केव्हातरी परातीत फासा खणखणला. तिनं डोळे न उघडताच विचारलं, "लागला?"

"झोप तू," गोकुळ दबक्या आवाजात म्हणाला. "आम्ही अजून वाद घालतोय. आचाऱ्याला परशूची सवय नसते, तर फाशातून दोन वजा करायचे का, यावर पुस्तक गप्प आहे."

"करून बघा," तनुजा झोपेतच म्हणाली, आणि यशूला जरा वर सरकवून घेतलं.